तेल नाही, सुरू करू नये

सुखदेव, गाडीच्या स्टिअरिंगला तू अडकवलेला पुठ्ठा परवापर्यंत तिथंच होता. स्पार्क प्लगच्या खोक्याचा तुकडा, त्याला तार, आणि तुझ्या उजवीकडे झुकलेल्या मोठ्या अक्षरांत दोन वाक्यं: 'तेल नाही. सुरू करू नये.' एप्रिलच्या पहिल्या रविवारी मूर्तिजापूरला मी गाडी तुझ्या ताब्यात दिली. सोमवारी तू नेहमीप्रमाणे इंजिन गरम करून जुनं तेल खाली सोडलंस, शेवटचा थेंब गळेपर्यंत एक दिवस थांबायचं म्हणून नवं भरलं नाहीस. मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तू गेलास. गाडी रिकाम्या पोटी उभी राहिली.

जलदानविधी झाला, माणसं पांगली, आणि तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं, मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं फळीवर दोन सीलबंद डबे शेजारी शेजारी होते. एक चाळीस नंबरच्या जाड तेलाचा. दुसरा वीस-पन्नासचा, म्हणजे थंड असताना जरा पातळ आणि तापल्यावरही जाडी टिकवणारं तेल. यातलं कोणतं भरायचं, हे तू कुठं लिहून ठेवलं नव्हतंस.

"काका, तुमीच सांगा," ती म्हणाली. "बाबाईनं बेअरिंग घट्ट बसवली असन, तर वीस-पन्नास. पण मागच्या वेळसारखी ढिली राह्यली असन, तर जाडच टाका लागन, नाई तं पुन्हा टकटक. बाबाच्या हाताचा भरोसा धराचा का नाई, थे सांगा."

प्रश्न तेलाचा होता. त्याचं उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट सांगावी लागणार होती. ती मी तुला चार वर्षं सांगितली नव्हती.

तू कोण होतास, कुठं नोकरीला होतास, मागे कोण कोण आहे, हे पेपरात येऊन गेलं. मी ते पुन्हा लिहीत नाही. आपल्या दोघांत एक गाडी होती, तेवढंच या मजकुरापुरतं पुरे. साठच्या दशकातली अँबेसेडर, सरकारी खात्यातून लिलावात निघालेली. तू त्या खात्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतास आणि मी अकोल्यात नवखा वार्ताहर. लिलावाची बातमी घ्यायला आलो होतो. तू हात पुसत पुसत म्हणालास, "बातमी लिवून काय करतं बे? गाडी घे. बाकी समदं भंगार हाये, हे एकच इंजन मी सोता सांभाळलं." एकट्याला घेणं दोघांनाही जमत नव्हतं, म्हणून निम्मी निम्मी घेतली. पुढं माझी बदली अमरावतीला झाली. गाडी कापून वाटता येत नाही, म्हणून वर्ष कापलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला गाडी अकोल्यात पाहिजे, ही तुझी एकच अट होती. त्यामुळं उन्हाळा-पावसाळा तुझा आणि हिवाळा माझा. एप्रिल आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा पहिल्या रविवारी मूर्तिजापूर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर देणं-घेणं. देणारा गाडी चालवत यायचा आणि रेल्वेनं परत जायचा. घेणारा रेल्वेनं यायचा.

त्या देण्याघेण्याचा एक ठरलेला क्रम होता आणि तो तू कधी मोडू दिला नाहीस. आधी किल्ली टपरीच्या लाकडी बाकावर ठेवायची. मग घेणाऱ्यानं विचारायचं, "गाडीबद्दल काही सांगाचं हाये?" देणाऱ्यानं जे झालं असेल ते सांगायचं. डावं मागचं चाक हवा सोडतं. वायपर अडकतो. दार आपटून लावावं लागतं. सगळं सांगून झाल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. मग तू बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढायचास, माझ्याच पेपरची कोरी कड फाडून तिच्यावर एक थेंब सोडायचास, पसरू द्यायचास, उन्हात धरून पाहायचास आणि घडी करून खिशात टाकायचास.

"दुसरा कागद नाही का मिळत?" मी एकदा विचारलं होतं.

"तुमचा पेपर तेल मस्त पेते बे संपादक," तू म्हणालास. "छापते काय, थे मले मालूम नाई."

मी संपादक कधीच नव्हतो. उपसंपादक म्हणून लागलो, मुख्य उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. तुला ते माहीत होतं आणि म्हणूनच तू संपादक म्हणायचास.

जो गाडी घेई तो दुसऱ्या दिवशी जुनं तेल काढून आपल्या पसंतीचं भरी. भांडण सगळं तिथंच होतं. तुझं म्हणणं ठाम होतं: चाळीस नंबर, साधं, जाड, बिनसाबणाचं. नव्या तेलांत इंजिन धुणारी रसायनं असतात, त्यांना तू साबण म्हणायचास. "या इंजनात सरकारनं वीस वर्षं गाळ साचवला हाये," तू सांगायचास. "थो तळाशी बसला हाये. बसू दे. त्याले उठवू नको. उठला तं नळ्याईत जाऊन बसन." माझं म्हणणं छापील कागदांवर उभं होतं. मी माहितीपुस्तकं गोळा करायचो, दोन ठिकाणी तेच लिहिलेलं सापडलं की ते खरं मानायचो. बातमीदारीत हा नियम चालतो. सगळीकडे लिहिलेलं होतं, की इंजिनाची बरीचशी झीज सकाळी सुरू करताना होते, पातळ तेल लवकर पोचतं आणि आतला मळ धुऊन काढतं. माझ्या वाट्याला थंडी होती, त्यामुळं मला ते अधिकच पटायचं. मी तुला डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा तू शांतपणे ऐकलंस.

"इंजनाले वाचता येत नाई," तू म्हणालास.

टपरीवाला हसला होता. मला राग आला होता, आणि मी तो बरेच दिवस सांभाळला.

तरी तुझ्याकडून जे शिकलो ते कोणत्या कागदात नव्हतं, हे इथं नोंदवतो. तुझ्या शेडमध्ये तू एकदा माझ्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर दिलास. टोक इंजिनला लाव, मूठ कानाला लाव. "वरून बारीक किटकिट आली तं टॅपेट. खालून जड टकटक आली, भार टाकल्यावर वाढली, तं बेअरिंग. मंग एक फुटही पुढं जाऊ नको." मी अर्धा तास एकेका सिलिंडरशी कान लावून बसलो. तू मध्ये बोलला नाहीस. आयुष्यात मला कोणी इतक्या सबुरीनं काही ऐकायला शिकवलेलं नाही. म्हणूनच पुढच्या प्रसंगात मला कळलं नाही, असं म्हणायची सोय माझ्याकडे उरत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी इंजिनात नव्या गाड्यांसाठी बनवलेलं पाच-तीसचं पातळ सिंथेटिक तेल भरलं. तुला विचारलं नाही. माझ्या वाट्याच्या महिन्यांत मी काय भरावं, हा माझा प्रश्न, असं मी स्वतःला सांगितलं. पाच महिने गाडी छान चालली. मार्चमध्ये बायकोला घेऊन रिद्धपूरला गेलो. तिची मावशी तिथं असते. परत येताना संत्र्यांच्या बागा संपायच्या आत, तू स्वतः डॅशबोर्डखाली बसवलेला तेलाच्या दाबाचा काटा खाली सरकू लागला. मग खालून आवाज आला. जड. भार टाकला की वाढणारा.

मी गाडी कडेला घेतली.

"सुखदेव भाऊजींना फोन करा," बायको म्हणाली.

"गरम झालंय नुसतं."

"मग फोन करायला काय जातं?"

मी फोन केला नाही. इंजिन निवेपर्यंत बसलो आणि मग हळूहळू घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तेल सोडलं तेव्हा खालच्या परातीत डांबराच्या खपल्यांसारखे तुकडे पडले. तू म्हणत होतास तोच गाळ. माझ्या तेलानं तो उठवला होता आणि त्यानं तेलाची वाट अडवली होती. बेअरिंगला तेल न मिळाल्यानं ते घासलं गेलं होतं. मला हे सगळं त्या परातीशी उभं असताना समजलं. मग मी बाजारात जाऊन चाळीस नंबरचं नवं तेल आणलं आणि भरलं. जाड तेलानं आवाज दाबला गेला. बायको दारातून पाहत होती. "सांगा त्यांना," एवढंच ती म्हणाली, आणि नंतर एकदाही म्हणाली नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी किल्ली बाकावर ठेवली.

"काय संपादक, गाडीबद्दल काही सांगाचं हाये?"

"काही नाही."

आणि मी चहा सांगायला आत गेलो. तू पट्टी काढलीस, थेंब सोडलास, हे मी पाहिलं नाही. बाहेर आलो तेव्हा तू पेपरच्या कडेची घडी करत होतास. तुला त्या घडीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, हे मला आज आठवतं. तेव्हा जाणवलं होतं की नाही, ते खात्रीनं सांगता येत नाही. तू चहाचा घोट घेतलास, म्हणालास, "साखर लय टाकली आज," आणि गाडी घेऊन गेलास.

चौदा एप्रिलला मी अकोल्यात नव्हतो. जे लिहितो ते प्रज्ञाकडून ऐकलेलं. मिरवणुकीत आपली गाडी पुढं होती, बॉनेटवर प्रतिमा आणि हार. माणसाच्या चालीनं तासन् तास चालवायची, ऊन मावळलं तरी हवा तापलेली, इंजिनला वारा नाही. मोर्णेच्या पुलाआधी टकटक सुरू झाली. ढोल-ताशातही ऐकू येत होती, असं ती म्हणाली. मग इंजिन जाम झालं. प्रतिमा दुसऱ्या गाडीवर हलवली. सात-आठ जण आपली गाडी ढकलू लागले आणि लाउडस्पीकरवर कोणीतरी म्हणालं, "मिस्त्रीची गाडी हाये, ढकला रे ढकला!" लोक हसले. तू चाकामागं बसून गाडी सरळ ठेवत होतास. ज्या जुन्या शहरात लोक दुसऱ्यांनी हात टेकलेली गाडी निवृत्तीनंतरच्या तुझ्या गॅरेजात आणत, त्याच जुन्या शहरातून तुला ढकलत नेलं.

तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा इंजिन उघडलेलं होतं. शेडमध्ये पाच-सहा माणसं उभी होती. तू बेअरिंगची अर्धवर्तुळाकार वाटी हातात धरली होतीस. वरचा थर उडून तांबं दिसत होतं. ही बेअरिंगं त्याच्या दोन वर्षं आधी तूच बसवली होतीस.

"कसं काय झालं बाबा हे?" प्रज्ञानं विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस.  मी वाटीकडे पाहत राहिलो.

"माह्याच हातानं ढिलं राह्यलं असन," तू म्हणालास.

तेव्हा बोलता आलं असतं. पाच-सहा माणसं होती, त्यांच्यासमोर एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो ते असं: "वय झालं आता आपल्या दोघांचंही." दिलासा म्हणून बोललो, असं मी मानत आलो. ते दिलासा नव्हतं. ते तुझ्या वाक्याला दिलेलं अनुमोदन होतं. दुसऱ्या कोणाच्या बातमीत ते असतं तर मी खोडलं असतं.

पुढचं तुला माहीत आहे. प्रज्ञा सरकारी दवाखान्यात सिस्टर. तिनं तुझे हात पाहिले, थरथर आहे म्हणाली, आता पुरे म्हणाली. एका गिऱ्हाइकानं जीप काही न बोलता दुसरीकडे नेली, मग दुसऱ्यानं. पोळ्याच्या आत तू गॅरेज बंद केलंस. पाने वाटून टाकलेस. "बरं झालं, आराम," मला फोनवर म्हणालास. त्यानंतर तू एकाच इंजिनला हात लावलास, आपल्या. ते तू पुन्हा बांधलंस आणि ऑक्टोबरात मला दिलंस. मी विचारलं, काही सांगायचं आहे का? तू म्हणालास, "नवीन बेअरिंग हाये. पह्यले हजार किलोमीटर हळू चालव." मी त्या वर्षापासून मुकाट्यानं चाळीस नंबर भरू लागलो. भांडणं बंद केलं. तुला ते आवडलं नाही. "काय बे, आता भांडत नाई? माहेरी गेली का तुही अक्कल?" मी हसण्यावारी नेलं. गप्प राहणं ही एक प्रकारची भरपाई आहे, असं मला वाटत होतं. तुझं गॅरेज बंदच होतं.

आता शेडमधलं सांगतो.

प्रज्ञाच्या प्रश्नावर मी उलट विचारलं. म्हणालो, बाबा गेली काही वर्षं काय भरत होते? ती म्हणाली, "वीस-पन्नास. पण यंदा जाड तेलही आणून ठेवलं, म्हून मले शंका आली."

मला ते माहीत नव्हतं.

"इंजन उघडलं तवा बाबाईनं समदा गाळ खरवडून काढला न. मंग म्हणत, आता साबणवालं तेल चालते. पण लय पातळ नाई. या जुन्या इंजनात कॅम टॅपेटवर घासते, झिजू नये म्हून त्याले जस्त लागते, थे नव्या गाड्याईच्या तेलात कमी असते." ती थोडी हसली, तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. "मले म्हणे, काकाले सांगू नको. डोक्यावर बसन माह्या."

म्हणजे तू माझ्या बाजूला निम्मा आला होतास, सुखदेव, आणि मी घाबरून तुझ्या बाजूला पूर्ण आलो होतो. तुझंही एक न सांगितलेलं होतं. तुझं गंमतीचं होतं.

मग तिनं बिस्किटांचा डबा आणला. त्यात तू जपलेल्या पेपरच्या कडा. प्रत्येकीवर एक डाग, पेन्सिलनं महिना-वर्ष, आणि एक-दोन शब्द. ठीक. ठीक. पेट्रोल उतरतंय. ठीक. डाग वाचायला तू तिला शिकवलं होतंस. तिनं एप्रिलच्या कडा फरशीवर ओळीनं मांडल्या.

"हे पाहा, एप्रिलचे समदे काळे. तुमच्याकडं सहा महिने चाललेलं तेल, काळंच राहीन न. पण हा एकच पिवळा हाये. नव्या तेलाचा. मधात काळे कण." तिनं कड उचलली. "हा काहून पिवळा हाये काका? तुमी तं देताना तेल बदलवत नसता."

चूक माझी इतकी साधी होती. जिथं तेल काळंच असायला हवं, तिथं मी स्वच्छ तेल भरून आणलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर तेल हातावर चोळून पाहिलं, त्याला फसवायला मी नवं तेल वापरलं होतं. तुला त्या रविवारी, टपरीवर, माझा चहा यायच्या आत कळलं होतं की काहीतरी झालं आहे. इतर कडांवर 'ठीक' होतं. या कडेवर तू लिहिलं होतंस, 'सांगेल तो.'

"कोण सांगन?" प्रज्ञानं विचारलं. "काय?"

मग मी सांगितलं. पाच-तीसचं तेल, रिद्धपूरचा रस्ता, परात, मूर्तिजापूर. क्रमानं, काही न गाळता. ती खाली बसून होती. माझं संपलं तरी ती कडा ओळीनं लावत राहिली, एकीशेजारी एक, आधीच ओळीत असलेल्या.

"म्हणजे त्याईचा हात चुकला नवता," ती म्हणाली.

"नाही."

"मी त्याईले गॅरेज बंद कराले लावलं काका. मी म्हटलं, बाबा तुमचे हात थरथरतात. लोकाईच्या जिवाशी खेळ नको." तिनं पिवळी कड ओळीतून बाहेर काढली. "थे काईच नाई बोलले. पाने काढून वाटून टाकले."

 तिच्या वाट्याला जे आलं ते मी दिलेलं होतं, आणि ते परत घेता येत नाही. ती रडली नाही. उठली, वीस-पन्नासचा डबा फळीवरून काढला, सील तोडलं, तू करायचास तसं आधी बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि भरलं. मग पुठ्ठ्याची तार सोडली आणि इंजिन सुरू केलं. दाबाचा काटा वर आला आणि तिथंच राहिला. तिनं स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला. मी मूठ कानाला लावली. खालून काही आवाज नव्हता, सुखदेव. तुझी बेअरिंगं घट्ट बसलेली आहेत.

 एक प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. तुला शंका होती तर त्या वर्षी गाडी मिरवणुकीत का काढलीस? इंजिन उघडून पाहायला तुझ्याकडे दहा दिवस होते. याचं एकच उत्तर मला दिसतं: मी 'काही नाही' म्हणालो होतो आणि तू ते धरून चाललास. आणि त्यानंतर दर वर्षी एप्रिलमध्ये तू विचारत राहिलास, गाडीबद्दल काही सांगाचं हाये? मी त्याला आपला रिवाज समजत होतो. आताच्या एप्रिलमध्येही तू विचारलंस. प्रज्ञाला तुझ्या शर्टाच्या खिशात यंदाच्या त्या रविवारची कड सापडली, डाग काळा आणि बाजूला 'ठीक.' मी डाव्या दिव्याची तार सैल झाल्याचं सांगितलं होतं.

निघताना प्रज्ञा फाटकापर्यंत आली. एरवी ती दुसरा चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. या वेळी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मला वाटलं नाही.

"मले एकटीले सांगून काय होते?" ती म्हणाली. "ज्याईनं गाडी ढकलली, त्याईले सांगा. लाउडस्पीकरवर जो बोलला त्याले सांगा. तुमचा पेपर जुन्या शहरात येते न?"

येतो. मी डेस्कवर असताना एक गोष्ट सगळ्यांना सांगायचो, की चूक ज्यांच्यासमोर गेली, दुरुस्तीही त्यांच्यासमोरच गेली पाहिजे, आणि तिच्यात विशेषणं नकोत. म्हणून ती इथं देतो.

दुरुस्ती: चार वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मोर्णेच्या पुलाआधी बंद पडलेल्या गाडीचं इंजिन सुखदेव मिस्त्री यांच्या हातून बेअरिंग ढिलं राहिल्यानं बिघडलं, असं समजलं जातं. ते खरं नाही. त्यांनी बसवलेल्या बेअरिंगांत दोष नव्हता. प्रस्तुत लेखकानं त्यांना न विचारता चुकीचं तेल भरलं, त्यामुळं इंजिन बिघडलं, आणि लेखकानं ते लपवलं. मिस्त्री यांना याची कल्पना असावी. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

हे छापून आलं की अंक पाठवा, असं प्रज्ञानं सांगितलं आहे. ऑक्टोबरच्या थेंबासाठी तिला कोरी कड हवी आहे. गाडी मूर्तिजापूरला आणणार की नाही, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. छापलेला भाग जुन्या शहरासाठी आहे. तुला जे सांगायचं होतं ते टपरीच्या बाकावर, किल्ली मध्ये असताना, दोन वाक्यांत सांगायचं होतं. तिथं तू वाट पाहत होतास.